कानोसा

इर्मेली पुरानेन बाई गाडी ढकलत आल्या.
गाडी चालू होती, तरी ढकलत.
"आवाज करतेय, म्हणून बसले नाही,"
लंगडत्या घोडीला कुणी चालवत आणावं तसं
जूनच्या न मावळणाऱ्या उन्हात, गावाच्या या टोकापर्यंत.

काट्याखालचा आकडा: चार हजार एकशे सहा.
वय वर्षं एकोणीस.
टाकीवर ओरखडा नाही,
टायरांच्या कडेला कारखान्यातले रबरी केस
अजून तसेच, बाळाच्या जावळासारखे.

"कसा आवाज?"
चाळीस वर्षं मी हे विचारतोय
आणि लोक माझ्यासमोर तोंडानं इंजिन होतात.
बँकेचा मॅनेजर टाय लावून खळखळला होता,
पाद्री एकदा इतका हुबेहूब घुरघुरला
की मी गाडी न बघताच बेअरिंग मागवलं.
बाई गणित शिकवायच्या. त्यांनी तोंड उघडलं नाही.
बाकावर नखानं वाजवलं:
टक. टक. टक-टक. टक.
"थंड असताना. सहा मिनिटं तरी.
पुढचं मला माहीत नाही,
तोवर मी पोचलेली असते."

उत्तर यातच होतं.
मी ते ऐकलं नाही.

खरं सांगायचं तर माझा डावा कान गेलाय
आणि उजव्यातून बारीक आवाज गळतात.
केमियार्वीत हे कुणाला ठाऊक नाही.
लांब स्क्रूड्रायव्हर घेतो, टोक इंजिनला टेकवतो,
मूठ दातांत धरतो.
गिऱ्हाइकांना वाटतं, जुन्या लोकांची पद्धत.

क्लच दाबला: टक. सोडला: टक.
म्हणजे क्लच नव्हे.
कॅमच्या साखळीशी नुसती सळसळ, बर्चच्या पानांची.
व्हॉल्व्हच्या फटी पात्यानं मोजल्या,
उगाच दोनदा मोजल्या.
मग खाली, सिलिंडरच्या कमरेपाशी,
थेट दाढेत: टक.
थंड पिस्टन. घर सैल.
जाता-येता भिंतीला कोपर लागतंय.

तेलाचं झाकण उघडलं.
आत पिवळट साय धरलेली, बोटभर.
पाणी मुरत होतं ते इथं.

"कुठवर नेता हिला?"
"तळ्यापर्यंत. तीन किलोमीटर. पोहते, परत येते.
बर्फ नसतो त्या चार महिन्यांत, आठवड्यातून दोनदा."
"आणि लांब?"
"लांब माझं कोण आहे?"

मी सांगितलं, तापल्याशिवाय इंजिन वाफ सोडत नाही,
ती आतच थेंब होऊन तेलात उतरते.
न चालवलेले किलोमीटर शिल्लक राहत नाहीत.
बाईंनी थोडा विचार केला.
"म्हणजे ही वजाबाकी नव्हे,"
एवढंच म्हणाल्या, जरा नाराजीनं,
कोणी वहीतलं जुनं उदाहरण खोडल्यासारखं.

तेल बदललं. पोसिओच्या रस्त्याला लागलो.
चालवायला त्या. मागे मी,
हातात हेल्मेटएवढी भीती, खिशात स्क्रूड्रायव्हर.
चाळिसाव्या किलोमीटरला रेनडिअर आडवे आले,
सात-आठ, सरकारी कचेरीतल्यासारखे निवांत.
बाईंनी गाडी उभी केली, इंजिन चालूच.
"गेला का?"

मी उतरलो, भर रस्त्यात ओणवा झालो, मूठ दातांत धरली.
एक रेनडिअर माझ्याकडे बघत रवंथ करत होतं.
दाढेत काही नाही. एकसारखी गरम गुणगुण.
"गेला," मी म्हणालो.

"आणि तुमचा?"

"माझा काय?"

"सकाळपासून डावीकडून तीनदा विचारलं.
तीनदा उत्तर नाही. उजवीकडून दोनदा, दोन्ही वेळा आलं.
कधीपासून?"

कळप सरकत होता.
स्क्रूड्रायव्हरची मूठ ओली होती, ती मी पँटला पुसली.
"बसा," त्या उजवीकडे वळून म्हणाल्या,
"पोसिओला कॉफी चांगली मिळते म्हणतात.
मी काही बघितलेलं नाही."